चढाई चालू आहे

तीस वर्षं माइक धरलाय मी. कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, बैलांच्या शर्यती, एकदा तर एका म्हशीचा वाढदिवसही केलाय. हसू नका, हौसेला मोल नसतं, आणि ती म्हैस शांत उभी होती, कितीतरी पुढाऱ्यांपेक्षा शांत. मी हरिचंद्र. अंबरनाथच्या कंपनीत नोकरी केली ती पोटासाठी, पण इकडे बदलापुरात मला ओळखतात ते ‘हरीमाइक’ म्हणूनच. बायकोसुद्धा रागावली की म्हणते, “आवाज कमी करा, इथं काय फायनल चाललीय?”

माझं खरं कसब खेळाचं नव्हे, पाहुण्यांचं. लांबून गाडीचा दिवा दिसला की आत कोण बसलंय ते मी सांगायचो. लगेच सुरू, “आपल्या मैदानावर आगमन झालेलं आहे... तरुणांचे आशास्थान, दानशूर व्यक्तिमत्त्व...” की पंच शिट्टी मारणार, खेळ थांबणार, दोन्ही संघ रांगेत उभे राहणार. पाहुणे एकेकाशी हात मिळवत जाणार, फोटो, शाल, नारळ, मग ‘दोन शब्द’. त्या दोन शब्दांत खेळाडू गार पडायचे, प्रेक्षक भजी खाऊन यायचे. तरी खेळ परत सुरू झाला की पाच मिनिटांत दुसरी गाडी. आमच्याकडे स्पर्धा अशीच होते. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं कधी. वाटणार कसं? सगळा मान माझ्या तोंडूनच तर जायचा.

आणि एके दिवशी ही पोरगी माझ्या ओट्यावर येऊन बसली. यशोधरा. बुवापाड्याची. तिचे वडील भीमराव माझ्याच कंपनीत होते, म्हणून ओळख. तिची आई शालन उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला जाते.

“काका, मुलींची कबड्डी भरवतेय. बदलापूर गावातच. आवाज तुमचाच हवा.”

“मग मिळालाच म्हणून समज,” मी म्हटलं.

“पण एक अट आहे. खेळ सुरू असताना एकाही पाहुण्याचं नाव घ्यायचं नाही. सत्कार शेवटी, फायनल संपल्यावर, सगळ्यांचा एकदम.”

मी चहाचा कप खाली ठेवला. “अगं बये, मग मी बोलू काय?”

“खेळाबद्दल बोला की.”

ऐकलंत? तीस वर्षांच्या माणसाला सांगतेय, खेळाबद्दल बोला! डोक्यात तिडीक गेली माझ्या. पण पोरगी हसत होती आणि तिचं ते हसणं भीमरावसारखं. कंपनीत साहेब ओरडला की भीमराव असाच हसायचा, आणि करायचा तेच जे त्याला बरोबर वाटायचं.

या पोरीनं धंदा उभा कसा केला, ते आधी सांगितलं पाहिजे. ती स्वतः खेळायची, चांगली डावी कोपरारक्षक होती. गुडघा गेला आणि खेळ सुटला. लोक म्हणाले, संपलं. हिनं काय केलं? आईच्या कारखान्याच्या ओळखीनं मंडळांच्या जर्सीच्या ऑर्डरी घ्यायला लागली. आता आमच्या मंडळांची गंमत अशी की संघात बारा पोरं, आणि बाराही पोरांना पाठीवर सात नंबरच हवा. मी अशा जर्सींच्या मॅचेस बोललोय हो! “सात नंबरनं सात नंबरला धरलं, सात नंबर बाद!” यशोधरानं नियमच केला, एका संघात एक नंबर एकदाच, नाहीतर ऑर्डर घेणार नाही. पोरं तिच्याशी भांडली आणि परत तिच्याकडेच आली, कारण तिच्या जर्सीचा रंग दुसऱ्या धुण्याला उतरत नव्हता.

जर्सीवरून ती ट्रॉफ्यांवर गेली, ट्रॉफ्यांवरून मॅटवर. कुठल्याशा क्लबची जुनी मॅट घेतली, घासून-पुसून, फाटलेले कोपरे शिवून भाड्यानं द्यायला लागली. मग गुणफलक, मग कॅमेरा लावून मोबाइलवर लाइव्ह. म्हणजे कुणाला स्पर्धा भरवायची असली की एक फोन यशोधराला. टेम्पोत पुढं ती स्वतः बसून येणार, मागं मॅट. मॅटवर कुणी चप्पल घालून पाय टाकला की वाघिणीसारखी अंगावर जायची. मोठमोठे दादालोक मॅटच्या कडेला चपला काढून उभे राहताना मी पाहिलेत, देवळात उभे राहतात तसे.

मुलींच्या स्पर्धेसाठी मैदान बघायला मी तिच्याबरोबर गेलो. मला वाटलं, आधी मैदानाची लांबी-रुंदी बघेल. ही सरळ मागच्या बाजूला गेली, मैदानाला लागून असलेल्या शाळेचं बाथरूम बघायला. कडी लागते का, पाणी येतं का, दिवा आहे का, आतून आरडाओरडा केला तर बाहेर ऐकू येतं का.

“काका, मुली का येत नाहीत स्पर्धेला, माहितीये? खेळता येत नाही म्हणून नाही. सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. आणि तहानलेली पोरगी चढाईत किती टिकेल?”

तीस वर्षं मैदानावर काढून मला हे सुचलं नव्हतं. तिनं आणखी दोन गोष्टी केल्या. एक, सगळे सामने दिवे लागायच्या आत संपवायचे, पोरी वेळेत घरी गेल्या पाहिजेत. दुसरी म्हणजे बॅनर. आमच्या बॅनरवर चाळीस शुभेच्छुकांची तोंडं असतात आणि खेळाडू शोधावा लागतो. हिनं बॅनरवर खेळणाऱ्या मुली लावल्या. नाक्यावर लोक थांबून बघायचे, “अरे, ही तर आपल्या गल्लीतली!” त्या बॅनरखाली एक आजी रोज भाजी घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, “ती तिसरी हाय ना, ती माझी नात. मेथी घे.”

पण एवढं करून पोरीची मान सुरीखाली होती, हे मला ठाऊक होतं. विठ्ठलवाडीजवळ ट्रॅकपँट आणि जर्सीचा कारखाना असलेले मुरलीशेठ, उल्हासनगरचे सिंधी व्यापारी, या स्पर्धेचा सगळा भार उचलत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “बेटा, ये एक टूर्नामेंट ठीक से निकाल दे. टाइम पे शुरू, टाइम पे खतम, झगडा नहीं. फिर तीन साल मुलींची सगळी स्पर्धा तुझी. नहीं तो साईं, मैं क्रिकेट में जाता हूँ, उसमें टेन्शन कम है.” आणि घरी तिनं आईला शब्द दिला होता, ही स्पर्धा उभी राहिली नाही तर मॅट विकेन आणि ऑफिसात नोकरी धरेन. शालननं एका डॉक्टरांकडे रिसेप्शनला तिच्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. आईचं काय चुकलं? तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पँटी शिवल्यात, पोरीला पंख्याखालची खुर्ची मिळावी असं तिला वाटणारच.

आता जयदेवशेठ. मैदान त्यांचं. गावातला मोठा माणूस, आणि मनानंही मोठा. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, मध्यरात्री उठवलं तरी गाडी काढणार. कमजोरी एकच, सत्कार! त्यांच्या घरात कपाट उघडलं की शाली अंगावर कोसळतात. यशोधरा स्वतः आमंत्रण घेऊन गेली, हात जोडून सांगितलं, “शेठ, पहिला मान तुमचाच, पण फायनल झाल्यावर.” शेठ म्हणाले, “बरं बरं, पोरी, तू म्हणशील तसा.” मोठी माणसं ‘बरं बरं’ म्हणाली की समजायचं, ऐकलेलं नाही. मी यशोधराला म्हटलंसुद्धा, “पाण्यात राहून माशाशी वैर नको.” ती म्हणाली, “वैर कुठं काका? वेळापत्रक आहे.”

पहिला दिवस लोण्यासारखा गेला. मी खेळाबद्दल बोललो. सुरुवातीला जीभ वळवळत होती. एक माजी कुणीतरी येऊन बसले आणि माझ्या तोंडात ‘आपल्या मैदानावर’ आलंसुद्धा, पण तसंच गिळलं आणि पुढं जोडलं, “...बदलापूरची पकड बघा, मंडळी!” दुपारपर्यंत मला मजा यायला लागली. पोरी काय खेळत होत्या! अंबरनाथची एक उंच पोरगी बोनस घेऊन अशी वळायची की मला शब्द पुरेनात. जन्मभर बोलबोल बोललो आणि त्या दिवशी कळलं, खेळ बघितलाच नव्हता मी. नजर कायम रस्त्यावर, कुणाची गाडी येते त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी फायनल. एकीकडे बदलापूर गावाच्या पोरी, कर्णधार कीर्ती. दुसरीकडे उल्हासनगरचा संघ, त्यांची चढाईपटू सोनिया. कीर्ती म्हणजे शेतकऱ्याची लेक, मनगट असं की एकदा पकडलं की सुटका देवाच्या हातात. सोनिया बारीक, चवळीची शेंग, पण भलती चपळ. मैदान तुडुंब. बायका इतक्या आल्या होत्या की पुरुषांनी झाडं धरली होती. मुरलीशेठ पुढच्या खुर्चीत मोबाइल हातात धरून, लाइव्ह किती जण बघताहेत ते मोजत. मुख्य पंच उमाताई, शाळेत पीटी शिकवतात, त्यांच्या शिट्टीला अख्खा तालुका घाबरतो.

मध्यंतराला बदलापूर चार गुणांनी पुढं. दुसरा डाव सुरू झाला, सोनिया चढाईला आली. पलीकडे सहा पोरी साखळी धरून. “कबड्डी-कबड्डी-कबड्डी...” ती आत शिरली, आणि नेमका त्याच क्षणी मैदानाच्या तोंडाशी वरातीतल्यासारखा बेंजो वाजला. फटाक्यांची माळ लागली. पांढरी गाडी, मागे पंचवीस माणसं, गुलाल. जयदेवशेठ आले!

मी माइकवर अवाक्षर काढलं नाही. आईशपथ सांगतो, जीभ दाताखाली धरली होती. उमाताईंनी शिट्टी मारली नाही. पण जित्याची खोड म्हणतात ना, तीच नडली. पाचवीत असल्यापासून या पोरी गावच्या मैदानावर खेळतात, आणि पाचवीपासून एकच शिकल्यात. बेंजो वाजला की थांबायचं, घाम पुसायचा, रांग लावायची, हात पुढे करायचा. कीर्तीनं साखळी सोडली. जर्सी खाली ओढली. मॅटच्या कडेला जाऊन ताठ उभी राहिली. तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. सहाच्या सहा, उजवा हात पुढे, चेहऱ्यावर सत्काराचं हसू!

सोनियाचं तोंड त्यांच्याकडे, पाठ रस्त्याकडे, आणि दम लावलेला असताना तिला बेंजो काय नि बँड काय. ती एक क्षण बावरली. मग काय करावं पोरीनं? “कबड्डी-कबड्डी” म्हणत रांगेच्या एका टोकापासून निघाली आणि एकेकीच्या हाताला हात लावत गेली. अगदी पाहुणे जातात तश्शी! एक, दोन, तीन... एकीनं सवयीनं तिला ‘थँक यू’ म्हटलं हो! सहाव्या हाताला शिवून ती वळली आणि धावत मध्यरेषेपार.

मग असा काही कल्लोळ उठला हशाचा आणि शिट्ट्यांचा, की बेंजोवाले घाबरून थांबले. जयदेवशेठना वाटलं, हा जल्लोष आपल्यासाठीच. ते दोन्ही हात हलवत, हसत, सगळ्यांना नमस्कार करत पुढं आले. उमाताईंनी शांतपणे बोटं वर केली. सहा बाद, वर अख्खा संघ बाद केला म्हणून लोणाचे दोन. बदलापूरची आघाडी गेली, उल्हासनगर चारनं पुढं.

शेठना कुणीतरी कानात सांगितलं काय झालं ते. चेहरा पडला त्यांचा. मग लाल झाला. तरातरा माझ्याकडे आले.

“हऱ्या, माइकवर सांग, ती चढाई परत होणार.”

बोला! माझ्या हातात माइक, समोर जयदेवशेठ, ज्यांनी माझ्या पोराच्या लग्नात मांडव घातला. मी पंचांकडे बघितलं. उमाताई म्हणाल्या, “माझी शिट्टी वाजली नव्हती. चढाई चालू होती. गुण बरोबर आहेत.”

तेवढ्यात यशोधरा आली. तिच्या मागून मुरलीशेठ धापा टाकत. ते तिच्या कानाशी म्हणाले, पण मला स्वच्छ ऐकू आलं, “बेटा, मान ले. ग्राउंड उसका है. झगडा नहीं बोला था ना मैंने?”

म्हणजे बघा. ज्याच्या जिवावर उभं राहायचं तोच काढता पाय घेत होता. एक ‘हो’ म्हटलं असतं तर स्पर्धा पार पडली असती, शेठ खूश, मुरलीशेठ खूश, शालनताईच्या पोरीचा धंदा उभा. मी असतो तर म्हटलं असतं. तुम्हीही म्हटलं असतं, उगीच मान हलवू नका.

यशोधरा म्हणाली, “चढाई परत नाही होणार, शेठ.”

“मैदान माझं हाय!”

“मैदान तुमचं आहे, शेठ. तुम्ही दिलंत म्हणून आम्ही इथं आहोत, हे मी विसरणार नाही. पण मॅट आखल्यावर आतलं पंचांचं. आज मी चढाई परत दिली, तर उद्या कुठली मुलगी माझ्या स्पर्धेत जीव तोडून खेळेल?”

आवाज थरथरत नव्हता तिचा. पण मी मागच्या बाजूला होतो. पाठीमागं धरलेल्या हातांत तिनं वेळापत्रकाच्या कागदाची घडीवर घडी घातली होती. काय सांगू, बघतच राहिलो मी. कौतुकानं. एवढीशी पोरगी, दोन शेठ अंगावर, आणि पायाखालची जमीनही दुसऱ्याची. तरी हलली नाही.

“अगं, पण माझ्या पोरी हरतायत!” शेठ ओरडले. आणि त्या ओरडण्यात राग कमी आणि रडू जास्त होतं. “माझ्यामुळं हरतायत, नायतर काय!”

आता यशोधरा गडबडली. उत्तर आलं कीर्तीकडून. ती बाद होऊन बाहेर बसायच्या ऐवजी लोणानंतर परत आत आली होती, कंबरेवर हात ठेवून सगळं ऐकत होती.

“जयदेवकाका, रांग आम्ही लावली. कुणी सांगितलं नव्हतं. गुण त्यांचेच. तुम्ही बसा, आम्ही बघतो काय करायचं ते.” मग त्यांच्या पायांकडे बघून ती म्हणाली, “आणि काका, चपला.”

शेठनी खाली पाहिलं. रागाच्या भरात ते कोल्हापुरी चपलांसकट मॅटच्या कोपऱ्यावर उभे होते. बिचारे एकदम ओशाळले. चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी जाऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसले. शाल नाही, नारळ नाही, दोन शब्द नाहीत.

माझ्या हातात माइक होताच. मी म्हटलं, “मंडळी, उल्हासनगर चार गुणांनी आघाडीवर. खेळ पुढं चालू!” एवढंच. पण माझ्या तीस वर्षांतलं सगळ्यात मोठं वाक्य ते.

मग जे झालं त्याला कबड्डी म्हणतात! बदलापूरच्या पोरी चवताळल्या. कीर्तीनं सोनियाला अशी पकडली की मॅट दणाणली. सोनिया उठली, तिला टाळी दिली आणि पुढच्या चढाईत दोघींना शिवून गेली. इकडे दोन, तिकडे एक. मी बोलत होतो, घसा बसत चालला होता. आणि मधेच माझं लक्ष जयदेवशेठांकडे गेलं. ते खुर्चीच्या टोकावर आले होते. मुठी वळलेल्या. ओठ हलतायत. एका पकडीला तर उठून त्यांनी शेजारच्या मुरलीशेठांचा दंड धरून हलवला. “पाय! अगं पाय धर तिचा!” मुरलीशेठ ओरडताहेत, “छोड मेरेको साईं, सोनिया भाग!” एक बदलापूरचा, एक उल्हासनगरचा, भांडत होते लहान पोरांसारखे.

शेवटची चढाई. उल्हासनगर दोन गुणांनी पुढं. कीर्ती निघाली. तीन गुण आणले तर करंडक बदलापूरचा, दोन आणले तर बरोबरी. आणि काय सांगू तुम्हाला, रस्त्यावर परत हॉर्न. तीन गाड्या. ताशा. फटाके. कुणी मोठे साहेब, जयदेवशेठांपेक्षाही मोठे, वरून कुठूनतरी आलेले.

आता रांग लागणार, मी मनात म्हटलं. पण मॅटवर एकही मान वळली नाही. उल्हासनगरच्या पोरींची साखळी तशीच, कीर्तीची नजर तशीच. ताशा मात्र जवळ जवळ येत होता, कीर्तीचा दम ऐकू येईना.

आणि जयदेवशेठ उठले. अनवाणी. धोतर सावरत मैदानाच्या तोंडाशी धावले, दोन्ही हात पसरून ताशावाल्यांच्या पुढं उभे राहिले.

“ए, बंद करा ते! चढाई चालू हाय!”

साहेब गाडीतून अर्धे उतरलेले. म्हणाले, “जयदेव, अरे मी आलोय.”

“आलात ना? मग हितंच उभं रावा. पोरींचा खेळ संपू दे.”

साहेब उभे राहिले हो! दोरीपाशी, सगळ्या जनतेत, उचललेला पाय खाली ठेवून.

कीर्तीनं एकीला शिवलं. दुसरीच्या अंगावर झेप घेतली, तिघींनी तिला धरलं, ती मध्यरेषेकडे सरपटली, बोटं रेषेला लागली की नाही ते कुणालाच दिसेना. उमाताई गुडघ्यावर बसून बघत होत्या. त्यांनी हात उलटा केला. नाही लागली. उल्हासनगर जिंकलं.

मुरलीशेठ नाचायला उठले. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून बसले. जयदेवशेठ दोरीपाशी उभे राहून डोळे पुसत होते आणि टाळ्या वाजवत होते, दोन्ही एकदम.

ठरल्याप्रमाणे सत्कार शेवटी झाले. भराभर. साहेबांचाही झाला. जयदेवशेठांचं नाव पुकारलं, ते आले, शाल घेतली, माइकपाशी वाकले आणि म्हणाले, “पुढच्या सालची तारीख सांगा. मी आधी येऊन बसन.” त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण.

लोक पांगायला लागले. अजून उजेड होता, पोरींच्या आया पिशव्या भरत होत्या. यशोधरा मॅटची टोकं सोडवायला कडेला वाकली होती. सकाळपासून एक घास खाल्ला नव्हता तिनं. मुरलीशेठांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. विचारायला ती गेली नव्हती. मी तिच्याकडे बघत होतो. गुणपत्रकात नाव नाही, बॅनरवर फोटो नाही, करंडकावर अक्षर नाही. माझ्या हातातला माइक अजून चालू होता. राहवलं नाही मला.

“मंडळी,” मी म्हटलं, “आपल्या मैदानावर आगमन झालेलं आहे...”

यशोधरानं वाकूनच डोळे वटारले. “काका!”

“...बुवापाड्याच्या भीमराव आणि शालनताईंची लेक, जिनं आज तुम्हाला कबड्डी दाखवली, ती यशोधरा!”

आणि परत तीच सवय! कीर्तीनं पाण्याची बाटली खाली ठेवली. जर्सी खाली ओढली. मॅटवर ताठ उभी राहिली. तिच्या शेजारी सोनिया. मग बदलापूर, उल्हासनगर, अंबरनाथ, हरलेले जिंकलेले सगळे संघ एकमेकांत मिसळून, एकच लांब रांग. उजवा हात पुढे.

यशोधरा उभी राहिली. हात धुळीनं भरलेले, ते सलवारला पुसले, परत पुसले. मॅटच्या कडेला तिनं स्वतःचे बूट काढले. पहिला हात कीर्तीचा. कीर्तीनं पकडलं ते सोडेचना. मग दुसरा, मग तिसरा. गुडघ्यानं थोडी लंगडत ती पुढं जात होती आणि रडत होती, न लपवता. उमाताई रांगेत, जयदेवशेठ शाल सांभाळत रांगेत. दोरीच्या बाहेर शालन तोंडाला पदर लावून उभी.

रांगेच्या अगदी शेवटी मुरलीशेठ. एका हातात बूट, दुसरा हात पुढे.

“तीन साल,” ते म्हणाले. “लेकिन बेटा, अगले साल बेंजोवाले को गेट के बाहर रखना.”